आमच्यातली

आईचे गुडघे गेले तेव्हा आम्ही हैदराबादच्या मलकपेठेत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. 'गेले' हा तिचा शब्द. डॉक्टर 'झीज' म्हणायचे आणि व्यायाम सांगायचे. ती घरी येऊन डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडायची. आधी बाजार सुटला, मग रविवारी विहारात जाणं सुटलं. भाजी दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर यायला लागली आणि भाजीवाल्याशी चालणारं भांडण तिसऱ्या मजल्यावरून खाली जायला लागलं. सुरुवातीला मला याचं हसू यायचं. मग एकदा कामावरून आले तर ती टीव्ही बंद करून खिडकीत बसली होती, खालच्या रस्त्याकडे बघत. म्हणाली, "मला खालचं घर बघ. जमिनीला पाय लागले पायजेत." आई सहसा काही मागत नाही. त्यामुळे हे मागणं माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

घर शोधणं म्हणजे काय ते ज्यांनी शोधलंय त्यांना सांगायला नको. एजंटचा पहिला प्रश्न ठरलेला, "व्हेज हैं कि नॉनव्हेज, मॅडम?" आम्ही नॉनव्हेज म्हटलं की निम्मी घरं तिथंच गळायची. उरलेल्या घरांत तळमजला मिळायचा नाही, मिळाला तर अंधार असायचा. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. त्यावरून काही कळत नाही आणि समोरचा त्यात त्याला हवं ते वाचतो. माझा जन्म इथलाच, वडील सिकंदराबादला रेल्वेत होते तेव्हाचा. आईवडील नांदेडकडचे. वडील असताना रेल्वेचं क्वार्टर होतं आणि क्वार्टरच्या दारावर नंबर होता, त्यामुळे 'तुम्ही कुठले' हा प्रश्न मला फारसा कुणी विचारला नव्हता. तो विचारला गेला की मला अजून राग येतो आणि तो चेहऱ्यावर दिसतो, असं आई म्हणते.

मी एका कॉलेजात नेटवर्कचं काम बघते. आमच्या विभागात आम्ही दोघंच मराठी: मी आणि माझे वरिष्ठ. सर पुण्याचे. हैदराबादेत येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, तरी ते अजून इथल्या चहाला 'उकळलेलं पाणी' म्हणतात आणि बिर्याणी मात्र कुणाच्याही घरची खातात. मनाने साधे. मला काम त्यांनीच शिकवलं, आणि चुकलं तर सगळ्यांसमोर न बोलता बाजूला घेऊन बोलणारे ते एकटेच. मी घर शोधतेय हे कळलं तेव्हा म्हणाले, "अगं, मग बोलली का नाहीस? तुमच्याच भागात माझ्या ओळखीच्या एक काकू आहेत. मराठीच. त्यांचा तळमजला रिकामा झालाय. मी शब्द टाकतो."

आणि लगेच टाकलाही. माझ्यासमोरच फोन लावला. "काकू, मुलगी माझ्याच हाताखाली आहे. ती आणि तिची आई, दोघीच. हो हो, काळजीच नको. आमच्यातलीच आहे."

मला ते ऐकून फार बरं वाटलं, हे इथं लिहूनच टाकते. आमच्यातली. म्हणजे आमच्या विभागातली, आमच्या कामातली. फार तर आमची मराठी. तेलुगू आणि उर्दूच्या गावात कुणी मराठी भेटलं की आम्ही असंच बोलतो, "आपल्यातलेच निघाले की!" या शब्दाला आणखी काही अर्थ असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या नव्या इमारतीतलं वाचनालयाचं दालन सुरू होणार होतं. ओळीनं नवे कोरे संगणक मांडले होते आणि त्यांतल्या एकालाही नेटवर्कवरचा पत्ता मिळत नव्हता. कारण सोपं आहे. संगणक चालू झाला की त्याला स्वतःचा पत्ता नसतो. पत्ता कोण देतं हेही त्याला माहीत नसतं. मग तो सरळ ओरडतो: आहे का कुणी, मला पत्ता द्या. ही हाक फक्त त्याच्या गल्लीत, म्हणजे नेटवर्कच्या त्याच्या तुकड्यात, ऐकू जाते. आणि पत्ते वाटणारा सर्व्हर तर जुन्या इमारतीत, पलीकडच्या भागात. हाक गल्लीच्या तोंडाशी येऊन विरते. यावर उपाय म्हणजे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या स्विचला, म्हणजे सगळ्या तारा जिथं जुळतात त्या पेटीला, सांगून ठेवायचं की अशी हाक ऐकलीस तर ती उचल, सर्व्हरकडे नेऊन दे आणि उत्तर परत आण. याला रिले म्हणतात. स्विचवर त्यासाठी एकच ओळ लिहायची असते, आणि त्या ओळीत मदतनीस असाच शब्द येतो: हेल्पर. मला या कामातला हा एक शब्द आवडतो. बाकी सगळे शब्द पोलिसांच्या चौकीतले वाटतात.

मी ओळ लिहिली आणि संगणक एकेक करून पुन्हा चालू केले. सगळ्यांना पत्ते मिळाले. कोपऱ्यातला हिरवा दिवा लागत गेला तसा माझा जीव भांड्यात पडला. सर शेजारी उभे होते. म्हणाले, "बघ, आपल्याकडे लोकांना पत्ता मिळायला वर्ष लागतं." मग त्यांना शिकवायची लहर आली आणि मला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगितलं: सर्व्हर पत्ता देऊ करतो, पण तो घ्यायची सक्ती नसते. काही खटकलं तर संगणक नाकारू शकतो. "नाकारताना मी फारसं कुणाला पाहिलं नाही म्हणा," ते म्हणाले. "मिळतोय तो पत्ता घेऊन सगळे गप्प बसतात."

शनिवारी मी एकटीच काकूंचं घर बघायला गेले. आईला पुन्हा पुन्हा जिना नको, पसंत पडलं तरच आणू, असा विचार. घर बघून मला जागच्या जागी बसावंसं वाटलं. रस्त्यावरून आत यायला एक पायरी, तीही रुंद. पुढच्या खोलीला मोठी खिडकी, खिडकीसमोर कढीपत्त्याचं झाड, झाडाखाली आईला बसता येईल असा कट्टा. उजेड भरपूर. काकू साठीच्या पुढच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला, हसतमुख. त्यांच्या सासऱ्यांपासून हे घराणं हैदराबादेत, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात मध्येच 'हौ' आणि 'नक्को' यायचं आणि मला त्या घरच्याच वाटल्या. त्यांनी मला नळ सोडून दाखवले. पूर्वेकडचं भिंतीतलं देवघर दाखवलं. एजंटवाला प्रश्न त्यांनी विचारला नाही, आडनावही नाही. म्हणाल्या, "तुझे सर म्हणाले आमच्यातली आहे, मग मी कशाला चौकशा करू?"

चहा झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे नवरात्रात उपवास नऊही दिवस की उठता-बसता?"

मी म्हटलं, "आई उपवास करत नाही. गुडघ्यांच्या गोळ्या चालू आहेत." ते खरंच होतं. काकूंनी हळहळून मान हलवली आणि डब्यात लाडू भरून दिले. रस्त्याला लागल्यावर मला काहीतरी टोचत राहिलं, पण खिडकीसमोरचं ते झाड डोळ्यांपुढून हलत नव्हतं. टोचणी मी बाजूला सारली. लाडू आईला फार आवडले.

सोमवारी वाचनालयातून तक्रार आली. नव्या दालनात सगळं चालतंय, फक्त परदेशी संशोधनाची मासिकं उघडत नाहीत. ती मासिकं कॉलेजच्या ठरावीक पत्त्यांनाच उघडतात. मी जाऊन बघितलं आणि कपाळाला हात लावला. संगणकांना पत्ते मिळाले होते, पण ते वाचनालयाचे नव्हते. हिशेब विभागाचे होते. झालं होतं असं की तो स्विच पूर्वी जुन्या इमारतीत हिशेब विभागाकडे होता. नव्या इमारतीत आणल्यावर कुणीतरी त्यावर वाचनालयाचा पत्ता घातला, पण जुना काढलाच नाही. तो पहिला राहिला आणि नवा दुसरा. हेल्पर झालेला स्विच निरोप नेताना निरोपावर स्वतःचा पत्ता लिहितो, म्हणजे सर्व्हरला कळतं की हाक कुठल्या गल्लीतून आली. आमच्या हेल्परनं आपला पहिला पत्ता लिहिला. सर्व्हरनं तो वाचला, हिशेब विभागाची माणसं आहेत असं समजून घेतलं आणि त्यांच्या वाट्याचे पत्ते देऊन टाकले. ज्यांनी हाक मारली त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

दुरुस्ती किरकोळ होती. जुना पत्ता काढला, नवा पहिला केला, संगणकांना हातातला पत्ता सोडून पुन्हा मागायला लावलं. मासिकं उघडली. मी मात्र तिथंच खुर्चीवर बसून राहिले. मला असल्या उपमा आवडत नाहीत. आमच्या कामातली माणसं नवराबायकोच्या भांडणालाही नेटवर्कची भाषा लावतात आणि स्वतःच हसतात. पण त्या दुपारी काकूंचा प्रश्न माझ्या कानात पुन्हा वाजला. नऊही दिवस की उठता-बसता. ते घर मला मिळालंच नव्हतं. ते सरांच्या गल्लीतल्या कुणाला तरी मिळालं होतं.

सरांवर मी चिडले का? चिडले. मग वाटलं, त्यांनी वाईट काय केलं? निरोप पोचवला. त्यांना माझ्याबद्दल माहीत होतं की नव्हतं हे मला आजही सांगता येत नाही. माझ्या टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती आहे, पण ती हल्ली कुणाच्याही टेबलावर असते, फुलदाणीशेजारी.

मी गप्प राहू शकले असते. गप्प राहावं असं मला मनापासून वाटत होतं. पण घरी आले तर आईनं सामान बांधायला सुरुवात केलेली. घर तिनं बघितलंही नव्हतं, फक्त माझ्या तोंडून झाडाचं आणि कट्ट्याचं वर्णन ऐकलं होतं. पहिली बांधली होती ती पुढच्या खोलीतली बुद्धाची मूर्ती, तिच्याच पांढऱ्या साडीत गुंडाळून. रोज संध्याकाळी ती दार उघडं ठेवून मूर्तीसमोर मेणबत्ती लावते आणि मोठ्यानं वंदना म्हणते. जिन्यातून जाणाऱ्याला ऐकू जावी इतक्या मोठ्यानं. तिनं विचारलं, "तिथं ही पुढच्या खोलीत ठेवता येईल ना? दारातून दिसंल अशी?"

मी "येईल" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी काकूंना फोन केला.

फोनवर मी सरळ सांगितलं. काकू, आम्ही बौद्ध आहोत. तुमच्या मनात दुसरं काही असेल तर आधी कळलेलं बरं. मग काकू म्हणाल्या, "अगं, आम्ही नाही गं असलं काही मानत. आमच्याकडे सगळे येतात-जातात." आणि मग म्हणाल्या, "पण." त्या 'पण'नंतर एक भाचा आला. तो म्हणे बंगलोरहून बदली होऊन येतोय, त्याचं आत्ताच नक्की झालंय आणि त्याला घर द्यावं लागणार आहे. आवाज अजून गोडच होता. लाडवांचा डबा परत द्यायची घाई करू नकोस, असंही म्हणाल्या.

सरांना कळलं तेव्हा ते अस्वस्थ झाले. "मी परत बोलू का त्यांच्याशी?" म्हणाले. "मी तर फक्त आमच्यातली आहे एवढंच म्हटलं गं."

"कुणाच्यातली, सर?" मी विचारलं.

ते चष्मा काढून पुसत बसले. मला त्यांची कीवही आली आणि रागही, आणि दोन्ही एकदम आल्यावर मी काय करते तेच केलं, उठून चहा आणायला गेले.

आईला सांगायचं होतंच. मला वाटलं होतं ती माझ्या पाठीवर हात ठेवेल. मुलगी खरं बोलली म्हणून नाही म्हटलं तरी तिला अभिमान वाटेल. आई ऐकत राहिली आणि मग तिनं असा आवाज चढवला की खालचा भाजीवाला वर बघायला लागला असेल.

"आमच्यातली म्हणलं, आन तुला कळलं नाई? अगं तिकडं गावाकडं हा शब्द ऐकला की 'तुमी नाई' याबिगर आमाला दुसरं काई ऐकू येत नव्हतं! तुला इंग्लिश शाळेत घातलं त्ये चुकलंच." मग थांबून म्हणाली, "आन कळल्यावर फोन कामून केला? मला इचारलं का? गुडघे कुणाचे हायेत? आधी आत जायचं असतं, मूर्ती ठेवायची असती, मंग ज्याला काय बोलायचं त्यानं तोंडावर येऊन बोलावं. तुझं खरं बोलून झालं. जिना मला चढायचा."

माझं खरं बोलणं तिच्या गुडघ्यांच्या जिवावर होतं, हे मला तोवर दिसलंच नव्हतं. रडू आलं, पण तिच्यासमोर रडायची सोय नाही. ती आणखी चिडते. जेवणं झाली. तिनं मूर्ती साडीतून सोडवून पुन्हा जागेवर ठेवली नाही, तशीच गुंडाळलेली राहू दिली.

रविवारी सकाळी ती चापूनचोपून दुसरी पांढरी साडी नेसून तयार. "चल, ते घर दाखव मला."

"आई, त्यांनी नाही म्हटलंय."

"तुला म्हणलंय. मला कुठं म्हणलंय?"

जिना उतरायला आम्हाला बराच वेळ लागला. ती कठडा धरून एकेक पायरी आडवी उतरत होती, दर मजल्यावर टेकत होती, आणि मी हात द्यायला गेले की हात झटकत होती. रिक्षावाल्यानं काकूंच्या दाराशी अगदी कडेला रिक्षा लावली. "हल्लू उतरो, अम्मा," म्हणाला. आईनं त्याला तोंडभर दुवा दिला.

दार काकूंनीच उघडलं. मला बघून त्यांचा चेहरा उतरला आणि माझ्या शेजारी उभी आई बघून आणखी उतरला. आई म्हणाली, "नमो बुद्धाय. मी हिची आई. घर बघायला आले."

"अहो, पण ते भाच्याला..."

"येऊ द्या ना भाच्याला. तो येईपर्यंत बघायला काय हरकत हाय?"

गुडघे धरून दारात उभ्या असलेल्या बाईला नाही म्हणणं काकूंना जमलं नाही. त्या किल्ली घेऊन आल्या. आई आत गेली आणि तिनं ते घर असं बघितलं की दुकानात साडी बघतानाही मी तिला तसं पाहिलेलं नाही. नळ सोडले, बंद केले. खिडकी उघडली. मोरीत डोकावली. पूर्वेकडच्या देवघरासमोर क्षणभर थांबली आणि पुढे गेली. भिंतींवर तळहात टेकवत टेकवत तिन्ही खोल्या फिरली. कढीपत्त्याच्या झाडाखाली कट्ट्यावर जाऊन बसली, पाय लांब केले, तळवे जमिनीला टेकवले आणि जरा वेळ डोळे मिटून घेतले. काकू किल्ली बोटांत फिरवत उभ्या होत्या. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं.

मग आई उठली, साडी झटकली, आणि काकूंकडे बघून अगदी गोड आवाजात म्हणाली, "घर बरं हाय. पण भिंतीला ओल हाय, बाई. आमच्यातल्यांला ओल चालत नाई. आमी नाई घेत हे घर."

काकू गडबडल्या. "ओल? कुठे आहे ओल?" म्हणत त्यांनी भिंतीवर हात फिरवला. आई तोवर पायरी उतरली होती.

रिक्षात मला हसू आवरेना. मी तिचा दंड धरून हसत होते आणि तीही पदराआड हसत होती. रिक्षावाला आरशातून बघत राहिला. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

घरचा जिना आला. पहिल्या मजल्यावर ती टेकली. दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या पायरीवरच बसली, दोन्ही हातांनी गुडघे दाबत. चेहरा घामानं भिजला होता. मी पाण्याची बाटली पुढे केली. ती पाणी प्याली, तिनं तोंड पुसलं आणि वरच्या पायऱ्यांकडे बघितलं. मी तिच्या शेजारी बसले. या वेळी तिनं माझा हात झटकला नाही.

"घर चांगलं होतं गं," ती म्हणाली. "ओल कुठंच नव्हती."